कारखाना हलतो तेव्हा कामगाराचा पत्ता

(महासंघाच्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय "पर्यावरण कायद्यातील बदल व निधी" असा छापला आहे. तो वाचून मागच्या रांगेतले दोघेतिघे चहाला उठले, ते मी पाहिले. त्यांना मी दोष देत नाही. प्रदूषण, दंड, निधी हे शब्द ऐकले की हा मालक आणि सरकार यांच्यातला मामला आहे असे आपल्याला वाटते. मलाही १९९६ पर्यंत तसेच वाटत होते.

मी मूळचा सातारकडचा. नोकरी सारी दिल्लीत, टपाल खात्यात झाली. १९९६ साली मी पश्चिम दिल्लीतल्या एका पोस्टात मनीऑर्डरच्या खिडकीवर होतो. आजूबाजूला कापडाच्या, रंगाच्या, ओतकामाच्या कारखान्यांची वस्ती. महिन्याच्या सात ते बारा तारखेपर्यंत आमच्या खिडकीपुढची रांग रस्त्यावर जायची. बलिया, देवरिया, छपरा, दरभंगा ही नावे मला तोंडपाठ झाली होती. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपाचे कूपन असायचे. दुसऱ्याचा मजकूर वाचू नये हा आपल्या खात्याचा पहिला धडा. पण ज्याला लिहिता येत नाही त्याला तो लिहून द्यावा लागतो, आणि लिहायचे तर वाचणे आलेच! वर्षानुवर्षे निरोप एकाच साच्याचे असत : पैसे मिळाल्याचे कळवा, म्हशीची काळजी घ्या, मुलाला शाळेत घाला. त्या वर्षी पावसाळ्यापासून निरोप बदलले. "कोर्टाचा हुकूम झाला आहे. कार्तिकानंतर पैशाचा भरवसा नाही." असे एका दिवसात मी दहा-दहा कूपनांवर लिहिले आहे.

तो हुकूम काय होता ते आधी नीट समजून घेऊ, कारण आज जे कायदे बदलत आहेत त्यांची सारी गोम त्यात सापडते.

दिल्लीच्या प्रदूषणाविषयी वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात १९८५ पासून चालू होती. १९९० साली मंजूर झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यातच लिहिले होते की धोकादायक आणि उपद्रवी कारखाने तीन वर्षांत शहराबाहेर जावेत. तीन वर्षे गेली, कोणी हलले नाही. मग ८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने १६८ कारखान्यांची यादी करून आदेश दिला की ३० नोव्हेंबर १९९६ पासून यांनी दिल्लीत काम चालवू नये. बाहेर जायचे असेल तर जावे, नाही तर बंद व्हावे.

या आदेशाला तीन खाती होती असे मी म्हणतो. पहिले जमिनीचे, दुसरे पैशाचे, तिसरे कामगाराचे.

जमिनीचे खाते फार व्यवस्थित लिहिलेले होते. त्याच वर्षी १० मे रोजी न्यायालयाने त्याचे कोष्टकच घालून दिले. दोन हजार चौरस मीटरपर्यंतचा भूखंड असेल तर मालकाने काहीच सोडायचे नाही. त्यापुढे पाच हेक्टरपर्यंत ५७ टक्के जमीन हिरवळ व मोकळ्या जागांसाठी दिल्ली विकास प्राधिकरणाला द्यायची आणि ४३ टक्के स्वतःसाठी विकसित करायची. पाच ते दहा हेक्टरला ६५ आणि ३५. दहा हेक्टरच्या वर ६८ आणि ३२. आणि उरलेल्या जमिनीवर नेहमीच्या दीडपट चटईक्षेत्र.

हे दीडपट फार महत्त्वाचे. समजा, एका गिरणीची जागा चार हेक्टर, म्हणजे चाळीस हजार चौरस मीटर आहे. ५७ टक्के गेले म्हणजे बावीस हजार आठशे गेले. मालकाजवळ सतरा हजार दोनशे उरले. त्यावर दीडपट बांधकाम म्हणजे पंचवीस हजार आठशे मीटर जमिनीवर जेवढे बांधता आले असते तेवढे. शिवाय कारखान्याची जमीन आता गाळ्यांची आणि घरांची झाली, आणि ती दिल्लीत! नव्या ठिकाणी गेल्यास नव्या उद्योगाला मिळणाऱ्या सवलती वेगळ्याच. मालक हिरवळ देऊन रडत बाहेर पडला असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब कागदावर करून पाहावा.

मी हिरवळीच्या विरुद्ध नाही, हे इथेच सांगतो. नाही तर उद्या कोणी म्हणेल की युनियनवाल्यांना धूर हवा आहे. गिरणीची धूळ आणि रंगखात्याची वाफ सर्वांत आधी आत उभा असलेला माणूस घेतो, नंतर शेजारची झोपडपट्टी, आणि सर्वांत शेवटी याचिका करणाऱ्याची वसाहत. स्वच्छ हवेची मागणी आपणच पहिल्यांदा करायला हवी होती. ती केली नाही हा आपला कमीपणा, आणि त्याची किंमत दिल्लीच्या कामगाराने दिली. मूळ याचिकेत तो पक्षकारच नव्हता.

आता तिसरे खाते पाहा. जुलैच्या आदेशात कामगारांसाठी कलमे होती, आणि ती वाईट नव्हती. कारखाना हलला तर नोकरी अखंड धरावी. बंद पडल्यापासून नव्या जागी सुरू होईपर्यंतचा काळ कामाचाच मानून पूर्ण पगार द्यावा. जो जायला तयार असेल त्याला एक वर्षाचा पगार स्थलांतराचा बोनस म्हणून द्यावा. जो जाणार नाही किंवा ज्याचा कारखाना हलणारच नाही, तो ३० नोव्हेंबरपासून कपात झाला असे समजून त्याला कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई आणि वर एक वर्षाचा पगार द्यावा. ग्रॅच्युइटी निराळी. पुढे ४ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने यात दुरुस्ती केली आणि जे कारखाने न हलता बंद होतील त्यांच्या कामगारांना एकाऐवजी सहा वर्षांचा पगार देण्यास सांगितले.

सहा वर्षांचा पगार ही लहान रक्कम नव्हे. मग घोटाळा कुठे झाला?

पहिला घोटाळा एका अटीत होता. कपातीची भरपाई त्यालाच, ज्याची सलग एक वर्षाची सेवा झाली आहे. आपण सारे २४० दिवसांचा नियम ओळखतो. ज्याचे नाव मस्टरवर आहे त्याने तो सिद्ध केला. पण बदली कामगाराने कुठून करावा? ठेकेदाराच्या माणसाचे नाव तर कारखान्याच्या कोणत्याच वहीत नव्हते. नगावर काम करणाऱ्याला पगारपत्रक कधी मिळालेच नव्हते. वर्षानुवर्षे त्याच फाटकातून आत जाणारी माणसे ३० नोव्हेंबरला कायद्याच्या हिशेबी तिथे कधी नव्हतीच, असे झाले.

दुसरा घोटाळा आकड्यांतच दडलेला होता. बंद केले तर सहा वर्षांचा पगार. हलवला आणि कामगार आला नाही, तर एकच वर्षाचा. महिना दोन हजार पगार धरला तर एका माणसामागे एक लाख चव्वेचाळीस हजार की चोवीस हजार, हा प्रश्न मालकापुढे होता. यावर मालकाचा सल्लागार काय सांगेल ते सांगायला मोठा वकील नको. कारखाना हलवतो म्हणावे, दूर कुठे तरी राज्याबाहेर जागा घ्यावी, आणि कामगाराला तिथे हजर होण्याचे पत्र पाठवावे. दिल्लीतली एक मोठी कापड गिरणी हिमाचल प्रदेशातल्या बद्दीला गेली. बायकामुले, शाळा, रेशनकार्ड, सारे सोडून शेकडो किलोमीटर डोंगरात किती जण जाणार? सगळ्याच मालकांनी हा डाव केला असे मी म्हणत नाही. पण आदेशाने डावाला दार उघडे ठेवले होते एवढे खरे.

आणि इथे, टपाल खात्यातल्या मित्रांनो, आपण येतो.

१९९७ साली माझी बदली रजिस्ट्रीच्या टेबलावर झाली. एके दिवशी एका कारखान्याकडून, नाव घेत नाही, रजिस्टर्ड पाकिटांचा गठ्ठा आला. शंभरावर असतील. सगळ्यांवर पत्ते कारखान्याच्या मागच्या चाळीचे. ती चाळ तोवर रिकामी झाली होती. पगार थांबल्यावर लोक गावी गेले होते, कोणी मेहुण्याकडे, कोणी दुसऱ्या कारखान्याच्या शेडमध्ये. आमचा पोस्टमन प्रामाणिक माणूस. तो प्रत्येक दारावर गेला आणि नियमाप्रमाणे शेरा मारला : "पत्ता न देता गेला." पाकिटे पाठवणाऱ्याकडे परत गेली. त्या दिवशी आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही. काम नियमाने झाले होते.

काही महिन्यांनी त्यांतला एक जण खिडकीवर आला. मी त्याची कूपने लिहीत असे. त्याने सांगितले, मालक म्हणतो आम्ही तुम्हाला नव्या जागी कामावर बोलावले होते, तुम्हीच आला नाहीत. हे पाहा परत आलेले पाकीट, वर पोस्टाचा शेरा. योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो; न पोचल्याचे शाबीत करणे दुसऱ्या पक्षाकडे येते. चार शब्दांचा आमचा शेरा त्या माणसाच्या विरुद्ध पुरावा झाला होता. तो मला बोल लावायला आला नव्हता. त्याला फक्त विचारायचे होते की आता पत्ता बदलता येईल का.

पत्ता बदलता आला असता, पण ३० नोव्हेंबरच्या आधी. घर सोडताना पोस्टात टपाल पुढे पाठवण्याचा अर्ज देता येतो, हे त्या चाळीतल्या एकालाही माहीत नव्हते. आणि मी, जो रोज त्यांच्या रांगेसमोर बसत होतो, त्यालाही ते सांगायचे सुचले नाही. शंभर अर्ज भरून घ्यायला एक दुपार पुरली असती. आमच्या शाखेचे कार्यालय त्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर होते. आता रजिस्टर्ड पोस्ट वेगळे उरलेले नाही, २०२५ साली ते स्पीड पोस्टात मिळवले गेले. पण नोटीस अजूनही आपल्याच हातून जाते आणि शेराही आपणच मारतो.

दिल्लीची गोष्ट इथे संपली नाही. १९९६ च्या अखेरीस, ३० डिसेंबरला, ताजमहालाच्या परिसरातल्या २९२ कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना न्यायालयाने सांगितले की नैसर्गिक वायू घ्या किंवा हला. कामगारांच्या अटी दिल्लीसारख्याच. २००० च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या वस्त्यांमधले लहान कारखाने सील करायला सुरुवात झाली तेव्हा कामगार आणि छोटे मालक मिळून रस्त्यावर आले, गोळीबारात माणसे गेली. आणि मुंबईची हकीगत तर आपल्या घरचीच. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली, उच्च न्यायालयात जिंकली, ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरली. लालबाग-परळला आज गेलात तर कोणाचा वाटा किती उभा आहे ते मान वर करून पाहावे लागते.

रेल्वेतल्या मित्रांना यावर एक उलट उदाहरण आठवेल. आग्र्याच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या वरदराजन समितीने १९७८ साली कारखान्यांबरोबर तिथल्या यार्डातल्या वाफेच्या इंजिनांकडेही बोट दाखवले होते. पुढे सगळीकडूनच वाफ गेली. १९९५ च्या अखेरीस ब्रॉडगेजवरचे शेवटचे इंजिन थंड झाले. त्या काळात लोको शेडमधल्या फायरमनचे काय झाले? पुष्कळांना प्रशिक्षण देऊन डिझेल असिस्टंट केले, उरलेल्यांना इतर खात्यांत सामावले. सारे सुखाने झाले असे नाही. "सरप्लस" हा शब्द ऐकून ज्यांची झोप उडाली होती असे काही जण इथे बसलेले असतील. पण मागणीपत्र होते, वाटाघाटीचे टेबल होते, आणि बदलाचा खर्च आस्थापनेच्या माथी होता. धूर गेला आणि फायरमन राहिला. दिल्लीच्या गिरणीत धूर गेला आणि माणूसही गेला. फरक कोळशात नव्हता, टेबलावर कोण बसले होते यात होता.

आता दुसऱ्या खात्याकडे, म्हणजे निधीकडे येतो. अलीकडचे बदल मुख्यतः इथेच आहेत.

भोपाळच्या वायुकांडाविषयी रेल्वेवाल्यांना मी काय सांगावे? त्या रात्री स्टेशन सोडून न गेलेले कर्मचारी आपलेच होते. त्या कांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा. या दुसऱ्या कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला विमा सक्तीचा केला आणि हप्त्याएवढीच आणखी रक्कम एका पर्यावरण मदत निधीत भरायला लावली. कल्पना उत्तम. पण तेव्हाच्या अनुसूचीत आकडे काय होते ते ऐका. मृत्यू झाल्यास पंचवीस हजार. औषधोपचाराला साडेबारा हजारांपर्यंत. मालमत्तेचे नुकसान सहा हजारांपर्यंत. बुडालेल्या मजुरीबद्दल महिना एक हजारापर्यंत, तेही तीन महिनेच, आणि त्यासाठी तीन दिवसांहून अधिक काळ रुग्णालयात राहिलेले असावे. हे आकडे कागदावर वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि तिकडे निधीत शेकडो कोटी रुपये न वापरता साठले. मुळात हा कायदा कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी. आतल्या कामगाराला त्याच्या भरपाईच्या कायद्याकडे पाठवले जाते. मग ठेकेदाराचा माणूस आत की बाहेर, यावर अपघातानंतर वाद सुरू होतो.

निधी नसेल तर काय होते ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाने पाहिले. तिथल्या रसायन कारखान्यांनी १९८८-८९ च्या सुमारास "एच आम्ल" बनवून सुमारे अडीच हजार टन गाळ उघड्यावर टाकला. विहिरींचे पाणी काळे पडले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो बिघडवील त्यानेच भरावे असा निकाल दिला. सफाईसाठी ३७ कोटी ३८ लाखांवर रक्कम ठरली. मालकाने अर्जांवर अर्ज करून ती वर्षानुवर्षे लांबवली. शेवटी जुलै २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसूल करण्याचा आदेश द्यावा लागला. पंधरा वर्षे! विहीर पंधरा वर्षे थांबते का?

सामायिक सांडपाणी केंद्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो. लहान कारखान्यांना एकट्याने सांडपाणी शुद्ध करणे परवडत नाही म्हणून १९९१ मध्ये योजना निघाली : केंद्राचे २५ टक्के अनुदान, राज्याचे २५, कर्ज ३०, कारखानदारांचे २०. २०१२ मध्ये केंद्राचा वाटा ५० केला, राज्याचा २५, कारखानदारांचे २५. म्हणजे रुपयात बारा आणे सरकारचे, तुमच्या-माझ्या कराचे. त्याला माझी हरकत नाही. पण सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या त्या टाकीत उतरून गाळ उपसणारा माणूस कोणाच्या मस्टरवर आहे, हे विचारायचा हक्क तरी आपल्याला त्या बारा आण्यांनी दिला आहे.

आता ताजा बदल. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली शिक्षा बदलली. पूर्वी नियमभंगाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड होता. १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड, तोही न्यायालयाने नव्हे तर नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचा. तुरुंग उरला तो दंड न भरणाऱ्यासाठी. जलप्रदूषण कायद्यातही २०२४ साली याच धर्तीची दुरुस्ती झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अत्यल्प प्रदूषण करणाऱ्या, म्हणजे "पांढऱ्या" वर्गातल्या उद्योगांना संमतीपत्रातून सूट मिळाली.

तुरुंग गेला म्हणून मी छाती पिटणार नाही. जुन्या कायद्याने किती मालक तुरुंगात गेले? खटले वर्षानुवर्षे पडून राहत. दंड लवकर वसूल झाला तर तेही बरे. माझा प्रश्न दंडाचा पैसा कुठे जातो हा आहे. कायद्याने त्यासाठी पर्यावरण संरक्षण निधी निर्माण केला आणि त्याचे उपयोग लिहिले : पर्यावरणाविषयी जागृती, शिक्षण, संशोधन, कायद्याची उद्दिष्टे गाठण्याचा खर्च, आणि नियमांनी ठरतील ती इतर कामे. या यादीत दंड झालेल्या किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराचे नाव नाही. "इतर कामे" या दोन शब्दांत त्याला बसवायचे असेल तर ते आपणच मागायला हवे.

दुसरीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कपात किंवा बंदीसाठी सरकारची आधी परवानगी घ्यावी लागत होती ती मर्यादा कारखान्यांच्या बाबतीत शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. कपात झालेल्यासाठी पुनर्कौशल्य निधी आला. त्यात मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यावर जायचा. सहा वर्षांपासून पंधरा दिवसांपर्यंत! दोन्ही रकमा एकाच कायद्याच्या नाहीत, तुलना तंतोतंत नाही, नेहमीची कपात-भरपाई निराळी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ही दोन टोके लक्षात ठेवा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, आम्ही सरकारी नोकर, आम्हाला याचे काय? रेल्वेचे कारखाने, डेपो, धुलाई मार्गिका यांतूनही तेल, रंग, सांडपाणी बाहेर पडते आणि त्यांनाही हे कायदे लागू आहेत. जनविश्वास कायद्यानंतर सरकारी खात्याकडून नियमभंग झाला तर खातेप्रमुखाला एक महिन्याच्या मूळ वेतनाएवढा दंड होऊ शकतो. आपल्या नकळत घडले असे त्याने दाखवले तर तो सुटतो, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हयगयीने घडले त्याच्यावर दंड जातो. खात्यात इतकी वर्षे काढलेल्यांना सांगायला नको की असे ओझे वरून खाली घरंगळते. तेव्हा टाकी भरल्याची, पंप बंद असल्याची सूचना सुपरवायझरने तोंडी देऊ नये, लेखी द्यावी, पोच घ्यावी. आणि ते सांडपाण्याचे यंत्र चालवणारा बहुतेक ठिकाणी आता ठेकेदाराचा आहे. त्याची नोंद आपण आपल्या शाखेच्या वहीत केली नाही तर दिल्लीची गोष्ट आपल्या फाटकाआत घडेल.

करायचे काय ते थोडक्यात सांगून बसतो. आपल्या कारखान्याचे किंवा डेपोचे प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र शाखेने मागून घ्यावे. न दिल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्यात मुदत आणि अटी लिहिलेल्या असतात, म्हणजे बंदीची कुऱ्हाड कधी पडू शकते ते आधी कळते. २००६ च्या अधिसूचनेखाली नव्या प्रकल्पाची जनसुनावणी होते, तिची तीस दिवस आधी जाहिरात येते. तिथे कामगार म्हणून उभे राहून बोलावे आणि बोललेले इतिवृत्तात आले का ते पाहावे. कुठल्याही न्यायालयात किंवा हरित न्यायाधिकरणात आपल्या आस्थापनेविरुद्ध अर्ज आला तर निकालाची वाट न पाहता पक्षकार होण्याचा अर्ज द्यावा. प्रत्येक कामगाराचे, ठेकेदाराच्या माणसासकट, रुजू तारीख, काम आणि गावचा पत्ता असे टिपण शाखेत असावे. आणि टपालवाल्यांनी, जवळचा कारखाना बंद होणार असे कानावर आले की पत्ताबदलाच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन फाटकावर जावे. यासाठी वरून परिपत्रक यायची वाट पाहू नका, ते येणार नाही.

काल रात्री जेवताना एका वर्कशॉपमधल्या मित्राने मला विचारले की त्यांच्या सांडपाणी केंद्रावर ठेकेदाराची अकरा माणसे आहेत, ठेका मार्चला संपतो, नवा ठेकेदार दुसरी माणसे आणणार म्हणतो. या अकरांना आपली संघटना सभासद करून घेऊ शकते का? घटनेतले कलम काढून पाहावे लागेल. दुपारच्या गटचर्चेत तो प्रश्न पहिला घ्यावा अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. ते मित्र तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि त्यांनी अकरांची नावे लिहून आणली आहेत.